आधी काय दिसावे?

एखाद्या माणसाला अटक होते तेव्हा ती बातमी ठरते. पुढे काही वर्षांनी न्यायालय त्याला निर्दोष सोडते तेव्हा ती बहुतेकदा बातमी ठरत नाही. वृत्तव्यवहारातला हा कल जुना आहे आणि त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. छापील अंक रद्दीत जात होते तोवर या अन्यायाला काळच थोडीफार मर्यादा घालत असे. जुनी बातमी हवी असणाऱ्याला ग्रंथालयात जावे लागे आणि निदान वर्ष-महिना ठाऊक असल्याखेरीज ती हाती लागत नसे. गूगलसारख्या शोधयंत्राने ही मर्यादा काढून टाकली. आता शोधणाऱ्याला तारीख ठाऊक असावी लागत नाही, मुळात काही घडले होते हेही ठाऊक असावे लागत नाही; त्याने केवळ एक नाव लिहायचे, की त्या नावाच्या माणसाचे आयुष्य दहा ओळींच्या यादीत त्याच्यासमोर मांडले जाते.

शोधयंत्र कोणाविषयी मत बनवत नाही, हे खरे. ते पाने गोळा करते, त्यांची सूची करते आणि विचारलेल्या शब्दांशी जुळणारी पाने एका क्रमाने दाखवते. हा क्रम ठरवताना कोणत्या पानाला इतर कोणत्या पानांनी दुवे दिले आहेत, ते संकेतस्थळ कितपत प्रतिष्ठित आहे, मजकूर प्रश्नाशी किती नेमका जुळतो, अशा अनेक गोष्टी विचारात घेतल्या जातात. अटकेची बातमी पहिल्याच दिवशी अनेक संकेतस्थळांवर जाते, तिच्यावर चर्चा होते आणि ती चर्चाच तिला दुवे पुरवते. निर्दोष मुक्ततेची बातमी आलीच तर एखाद्या स्थानिक आवृत्तीत चार ओळींत येते आणि तिला कोणी दुवा देत नाही. अशा स्थितीत यंत्राने आपले काम अगदी प्रामाणिकपणे केले तरी आरोप पहिल्या पानावर येतो आणि निवाडा अशा पानावर जातो, जिथपर्यंत जवळजवळ कोणी पोचत नाही. यादीतला प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे खरा असतो. त्या सगळ्यांची मांडणी मात्र खोटे सांगते.

या खोटेपणाचा परिणाम ज्याच्यावर होतो त्याला तो बहुधा कळतच नाही. नोकरीच्या मुलाखतीनंतर कळवतो असे सांगितले जाते आणि पुढे काही कळवले जात नाही. घर भाड्याने देणारा अचानक विचार बदलतो, होऊ घातलेली भागीदारी बारगळते. नाव शोधून पाहिले होते आणि जे दिसले त्यावरून निर्णय घेतला, असे तोंडावर कोणी सांगत नाही, त्यामुळे खुलासा करण्याची संधीही मिळत नाही. आरोपीला आपल्यावरचा आरोप ऐकण्याचा आणि त्याला उत्तर देण्याचा अधिकार न्यायालयात असतो. शोधनिकालांच्या पानासमोर तो कोणालाच नसतो.

या प्रश्नावरची चर्चा गेली काही वर्षे 'मजकूर काढावा की ठेवावा' याच एका प्रश्नाभोवती फिरत आली आहे. एका बाजूला खासगीपणाचे कैवारी असतात, दुसऱ्या बाजूला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे. दोन्ही बाजूंचा आग्रह मला समजतो, पण प्रश्नाची ही मांडणीच चुकीची आहे असे माझे मत आहे. बहुसंख्य प्रकरणांत मुद्दा असतो तो क्रमाचा आणि अपुरेपणाचा: एखाद्याच्या नावापुढे आधी काय दिसावे, आणि जे दिसते ते पूर्ण आहे की अर्धवट. हे ठरवण्याचे काम आज दोघांकडे गेले आहे. एक, शोधयंत्र चालवणारी खासगी कंपनी; आणि दुसरा, ज्याच्याकडे पैसा आहे असा कोणीही. यातल्या पहिल्याला उत्तरदायी करता येईल. दुसऱ्याचा मार्ग बंदच केला पाहिजे.

या विषयातला सर्वांत गाजलेला निवाडा युरोपीय संघाच्या न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी दिला. सामाजिक सुरक्षा निधीची थकबाकी वसूल करण्यासाठी स्पेनमधल्या एका गृहस्थाच्या मालमत्तेचा लिलाव होणार होता आणि त्याच्या जाहिराती १९९८ मध्ये 'ला व्हॅनगार्डिया' या दैनिकात आल्या होत्या. थकबाकीचे प्रकरण केव्हाच मिटले, पण दैनिकाने आपले जुने अंक आंतरजालावर आणल्यानंतर गूगलवर त्याचे नाव शोधले की त्या जाहिराती समोर येऊ लागल्या. (त्या गृहस्थाचे नाव निवाड्यामुळेच जगभर झाले; ते इथे पुन्हा लिहिण्याचे कारण मला दिसत नाही.) न्यायालयाने सांगितले की शोधयंत्र हा निव्वळ मध्यस्थ नाही. विखुरलेली माहिती एका नावाखाली आणून तो त्या व्यक्तीचे एक चित्रच तयार करतो, म्हणून त्या चित्राची जबाबदारीही त्याच्यावर येते. माहिती आता अपुरी, गैरलागू किंवा कालबाह्य झाली असेल, तर त्या व्यक्तीच्या नावाने केलेल्या शोधातून तो दुवा वगळण्याची मागणी करता येईल. यालाच 'विसरले जाण्याचा हक्क' म्हटले जाते. सार्वजनिक जीवनातील भूमिकेमुळे लोकांना ती माहिती मिळण्यात विशेष हित असेल, तर मात्र दुवा राहील.

या निवाड्यावर इतिहास पुसण्याचा आरोप झाला आणि आजही होतो. तो करणाऱ्यांपैकी अनेकांनी एक गोष्ट नीट पाहिलेली नाही. जाहिरात दैनिकाच्या संग्रहातून काढा, असे न्यायालयाने सांगितले नव्हते. स्पेनच्या विदा (डेटा) संरक्षण यंत्रणेने दैनिकाविरुद्धची तक्रार आधीच फेटाळली होती, कारण ती जाहिरात प्रसिद्ध करणे कायद्याला धरून होते. बंद झाला तो फक्त नावाकडून जाहिरातीकडे जाणारा रस्ता. त्या लिलावाचा किंवा त्या काळातल्या थकबाकीवसुलीचा अभ्यास करणाऱ्याला ती जाहिरात इतर शब्दांनी शोधता येते. इतिहास अभ्यासणारा आणि शेजाऱ्याचे नाव सहज लिहून पाहणारा यांच्यात फरक करण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो योग्यच होता.

तरीही वगळणे हे जड हत्यार आहे. त्याहून नेमके हत्यार त्याच न्यायालयाने २४ सप्टेंबर २०१९ रोजी पुढे आणले, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही. त्या दिवशी न्यायालयाने दोन निवाडे दिले. पहिला प्रसिद्ध झाला: युरोपातून आलेल्या मागणीवरून जगभरच्या सर्व आवृत्त्यांमधून दुवा वगळण्याचे बंधन युरोपीय कायदा शोधयंत्रावर घालत नाही, असा तो होता. दुसऱ्या निवाड्यात फौजदारी कारवाईच्या जुन्या बातम्यांचा प्रश्न होता. न्यायालयाने म्हटले की लोकांच्या माहितीच्या अधिकारासाठी असा दुवा ठेवावा लागला, तरी संबंधित व्यक्तीने मागणी केल्यावर शोधयंत्राने यादीची मांडणी अशी केली पाहिजे, की वाचणाऱ्याला कायद्याच्या दृष्टीने आजची स्थिती काय आहे याचे एकूण चित्र मिळेल. म्हणजेच त्या स्थितीची माहिती देणारे दुवे सर्वांत वर आले पाहिजेत.

मला हे तत्त्व या सबंध क्षेत्रातले सर्वांत न्याय्य तत्त्व वाटते. इथे काही लपवले जात नाही. अटक झाली होती हे वाचणाऱ्याला कळते, आणि खटला टिकला नाही हेही कळते. फक्त दुसरी गोष्ट आधी कळते. पत्रकाराचा मजकूर जागेवर राहतो, संशोधकाची वाट अडत नाही, आणि सुटलेल्या माणसाला आपल्या सुटकेचा पुरावा खिशात घेऊन हिंडावे लागत नाही. क्रम हा यंत्राचा स्वाभाविक गुणधर्म असल्याने त्यात हात घालता येत नाही, असा बचाव कंपन्या करतात, पण तो टिकणारा नाही. जाहिरातींना जागा देताना, आरोग्यविषयक प्रश्नांवर अधिकृत संस्थांना वर आणताना, निकृष्ट पाने खाली ढकलताना क्रम रोजच बदलला जातो. २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बदनामीकारक मजकूर छापून तो काढण्यासाठी पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांविषयी तपशीलवार शोधवृत्त दिले, तेव्हा गूगलने अशा संकेतस्थळांचे बळी ठरलेल्यांच्या नावांसाठी क्रमवारीचे सूत्रच बदलले. लोकलाजेपोटी जे करता आले ते कायद्याच्या बंधनाखाली का करता येऊ नये?

क्रमाच्या या तत्त्वाची कसोटी पाहायची तर नेदरलँड्समधल्या एका शल्यचिकित्सकाचे प्रकरण घ्यावे. रुग्णाच्या उपचारातील हयगयीबद्दल त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती आणि अपिलानंतर त्यांना सशर्त व्यवसायाची मुभा मिळाली होती. नाव शोधले की मात्र डॉक्टरांची 'काळी यादी' छापणारे एक खासगी संकेतस्थळ वर येत असे. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने तो दुवा वगळण्याचा आदेश दिला. रुग्णांच्या बाजूने विचार केला तर हा आदेश खटकतो आणि खटकायलाही हवा, कारण शस्त्रक्रियेआधी डॉक्टरचे नाव शोधून पाहणाऱ्याचा हेतू कुतूहलाचा नसतो. पण कारवाईची अधिकृत नोंद वैद्यकांच्या सरकारी नोंदवहीत होतीच. ती नोंद, तिच्यातल्या अटींसकट, पहिल्या क्रमांकावर दिसली असती तर खासगी यादी वगळावी की नाही या वादात फारसा जीव उरला नसता. रुग्णाला हवी ती माहिती मिळाली असती आणि डॉक्टरला कोणा अनोळखी माणसाच्या शेलक्या विशेषणांना तोंड द्यावे लागले नसते.

जुन्या वृत्तसंग्रहांचे काय करावे, हा याच्या जवळचा पण वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावर दोन देशांतून दोन दिशा पुढे आल्या आहेत. १९८२ मध्ये खुनाबद्दल जन्मठेप झालेला आणि २००२ मध्ये शिक्षा भोगून बाहेर आलेला एक जर्मन माणूस 'डेर श्पीगल'च्या खुल्या संग्रहातल्या लेखांविरुद्ध न्यायालयात गेला. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०१९ रोजी काढलेला मार्ग मला मान्य आहे: लेख संग्रहात जसाच्या तसा असावा, पण निव्वळ नावाच्या शोधातून तो सहजासहजी समोर येऊ नये यासाठी प्रकाशकाला कोणती तांत्रिक तरतूद करता येईल, हे मागणी आल्यावर पाहिले पाहिजे. बेल्जियममध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले गेले. तिथल्या 'ल स्वार' या दैनिकाने १९९४ मध्ये एका प्राणघातक मोटार अपघाताची बातमी दिली होती. चालकाचे कायदेशीर पुनर्वसन झाल्यावर न्यायालयांनी आंतरजालावरच्या संग्रहातील त्या बातमीतून त्याचे नाव काढण्याचा आदेश दिला आणि ४ जुलै २०२३ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या विस्तारित पीठाने १२ विरुद्ध ५ मतांनी तो योग्य ठरवला. छापील अंकाला हात लागला नाही, हे त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते. पण उद्याच्या वाचकासाठी आंतरजालावरचा संग्रह हाच संग्रह असणार आहे. नावाचा शोध तेवढा रोखून भागत असताना मूळ मजकुरात बदल करण्याची सवय न्यायालयांनी लावून घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते. आज एका पश्चात्तापदग्ध चालकासाठी उघडलेले हे दार उद्या मंत्र्यांसाठी आणि बँका बुडवणाऱ्यांसाठीही उघडे राहील.

अमेरिकेत या गोष्टींना कायद्याचा आधार जवळजवळ नाही. कनेटिकट राज्यात एका महिलेवरचे आरोप मागे घेतले गेले आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे तिची अटक 'कधी झालीच नव्हती' असे मानले जाणार होते. तरीही २०१५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने सांगितले, की कायदा इतिहासातली घटना बदलू शकत नाही आणि वृत्तपत्रांनी मजकूर काढावा असे त्यातून निघत नाही. तर्क म्हणून हे निर्दोष आहे. मात्र आरोप मागे घेतल्याची एक ओळ त्या बातमीखाली जोडावी हा साधा उपायही त्यातून सुटून जातो. ती उणीव काही संपादकांनी आपणहून भरून काढली, ही या प्रकरणातली आशादायक गोष्ट आहे. क्लीव्हलँडच्या एका वृत्तसंकेतस्थळाने २०१८ पासून किरकोळ गुन्ह्यांच्या जुन्या बातम्यांतील नावांविषयीचे अर्ज एका समितीसमोर ठेवायला सुरुवात केली. जानेवारी २०२१ मध्ये 'बॉस्टन ग्लोब'ने 'फ्रेश स्टार्ट' नावाने तसाच उपक्रम सुरू केला. ज्याने बातमी दिली त्याने तिचा शेवटही सांगितला पाहिजे, हे वृत्तपत्राच्या धर्मातच बसते. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आणि त्यातील आपल्या स्वतंत्र निकालपत्रात न्या. संजय किशन कौल यांनी माणसाला बदलण्याचा आणि जुन्या चुका मागे टाकण्याचा वाव असला पाहिजे, असा विचार मांडला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात विदा दुरुस्त करून घेण्याची आणि पुसून घेण्याची तरतूद आहे. न्यायालयीन निकालपत्रांतली नावे शोधातून वगळण्याबाबत मात्र उच्च न्यायालयांनी एकसारखी भूमिका घेतलेली नाही.

आता निर्णय कोण घेतो, याकडे येऊ. २०१४ च्या निवाड्यानंतर काही आठवड्यांतच गूगलने आंतरजालावर अर्ज उपलब्ध केला आणि तेव्हापासून युरोपातून आलेल्या मागण्यांत लक्षावधी दुव्यांचा विचार झाला. त्यांपैकी सुमारे निम्मे वगळले गेले. म्हणजे जगातल्या सर्वांत नाजूक स्वरूपाच्या न्यायनिवाड्यांपैकी एक काम एका खासगी कंपनीचे कर्मचारी करतात. त्यात सुनावणी नाही. मूळ लेख लिहिणाऱ्याला आपली बाजू मांडण्याचा निश्चित हक्क नाही, आणि कोणत्या कारणासाठी काय ठरले याचे तपशील समाजाला तपासता येत नाहीत. याउलट लंडनच्या उच्च न्यायालयात न्या. वॉर्बी यांनी एप्रिल २०१८ मध्ये दिलेला निकाल पाहावा. पूर्वी शिक्षा झालेले दोन व्यावसायिक जुन्या बातम्यांचे दुवे वगळून मागत होते. एकाला पश्चात्ताप नव्हता, त्याने लोकांची दिशाभूल चालूच ठेवली होती आणि तो व्यवसायातही होता, म्हणून त्याची मागणी फेटाळली गेली. दुसऱ्याने चूक मान्य केली होती आणि त्याच्या आजच्या कामाशी त्या गुन्ह्याचा संबंध उरला नव्हता, म्हणून त्याची मान्य झाली. दोघांचीही नावे गुप्त राहिली आणि कारणे मात्र सर्वांना वाचता आली. प्रत्येक अर्ज न्यायालयात नेणे शक्य नाही, हे उघड आहे. पण व्यक्तीची ओळख झाकून निर्णयांची कारणे प्रसिद्ध करण्याचे आणि प्रकाशकाला बाजू मांडू देण्याचे बंधन कंपन्यांवर घालणे पूर्ण शक्य आहे.

कंपनीविषयी एवढी तक्रार केल्यावर हेही सांगितले पाहिजे, की अर्ज निदान फुकट असतो आणि तो कोणालाही करता येतो. दुसरा मार्ग पैशाचा आहे, आणि तो माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत हानिकारक आहे. 'ऑनलाइन प्रतिमा व्यवस्थापन' या नावाखाली चालणाऱ्या व्यवसायात काही सरळ कामेही होतात, हे मान्य आहे; पण त्याची मोठी मागणी ज्यांच्याकडून येते त्यांना विस्मृतीची गरज सर्वांत कमी आणि ती विकत घेण्याची ऐपत सर्वांत जास्त असते. नोव्हेंबर २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील आवारात शांतपणे बसलेल्या निदर्शक विद्यार्थ्यांच्या तोंडावर पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. त्या घटनेचे उल्लेख शोधनिकालांत मागे पडावेत यासाठी विद्यापीठाने सल्लागार संस्थांना किमान १,७५,००० डॉलर दिले, हे २०१६ मध्ये 'सॅक्रमेंटो बी' या दैनिकाने उघड केले. एक सार्वजनिक संस्था आपल्याच विद्यार्थ्यांवरचा अत्याचार लोकांच्या नजरेआड करण्यासाठी पैसा खर्च करते, हे विसरले जाण्याच्या हक्काचे विडंबन आहे.

याहून अंधाऱ्या पद्धतीही आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अनेक देशांतल्या पत्रकारांनी मिळून बार्सिलोनाशी संबंधित अशाच एका कंपनीची फुटलेली अंतर्गत कागदपत्रे तपासली. त्यांत एक युक्ती पुन्हा पुन्हा दिसत होती. अडचणीचा लेख उचलायचा, तो एखाद्या बनावट संकेतस्थळावर जुनी तारीख घालून टाकायचा आणि मग मूळ पत्रकारानेच आपला मजकूर चोरला, अशी स्वामित्वहक्काची तक्रार करायची. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल स्वामित्वहक्क कायद्यानुसार तक्रार येताच मजकूर हटवणाऱ्या मध्यस्थाला दायित्वापासून संरक्षण मिळते, त्यामुळे आधी हटवून मग विचार करण्याकडे त्याचा कल असतो. भ्रष्टाचार उघड करणारा लेख असा चोरीच्या आळाखाली गायब होतो. अशा तक्रारी उघड्यावर येतात त्या बऱ्याच अंशी हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न 'ल्यूमेन' या संग्रहामुळे. २००२ पासून तिथे मजकूर हटवण्याच्या नोटिसा जमा केल्या जातात. असा संग्रह ऐच्छिक न राहता सर्व मोठ्या कंपन्यांना बंधनकारक व्हायला हवा.

आणि याच बाजाराचे दुसरे टोक गरिबांच्या गळ्याशी येते. अमेरिकेत अटकेच्या वेळी काढलेली छायाचित्रे अनेक ठिकाणी सार्वजनिक दस्तऐवज मानली जातात. ती गोळा करून नावासकट छापायची आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागायचे, असा धंदाच उभा राहिला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी अशा एका संकेतस्थळाच्या कथित चालकांवर खंडणीचे आरोप ठेवले. बदनामी छापणारा आणि ती पुसून देणारा एकच असणे हे या व्यवसायात अपवादात्मक नाही. म्हणून खात्रीने निकाल हटवून देतो असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्याला कोणीही पैसे देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

मग सामान्य माणसाने करावे काय? सर्वप्रथम पानाचा पत्ता, दिनांक आणि पडद्यावर दिसणाऱ्या पानाचे चित्र (स्क्रीनशॉट) जपून ठेवावे आणि रागाच्या भरात त्या पानाखाली उत्तरे लिहू नयेत, कारण त्याने पानाला नवा मजकूर मिळतो आणि नव्याने लक्षही वेधले जाते. पहिली विनंती प्रकाशकाकडे जावी, आणि ती नेमकी असावी: निकालपत्राची प्रत जोडून बातमीत निकालाची भर घाला, किंवा नावाऐवजी आद्याक्षरे वापरा, किंवा निदान ते पान शोधयंत्राच्या सूचीत येऊ नये अशी 'नोइंडेक्स' खूण त्यावर लावा. इथे एक तांत्रिक चूक वारंवार होते. प्रकाशक संकेतस्थळावरच्या 'रोबोट्स' या, शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या फाइलमधून शोधयंत्राला त्या पानावर यायलाच बंदी करतो. मग यंत्राला ती खूण वाचताच येत नाही आणि पानाचा पत्ता यादीत तसाच राहू शकतो. पान बदलले किंवा निघाले तरी निकालात जुना मजकूर दिसत असेल, तर कालबाह्य मजकूर ताजा करून घेण्याची स्वतंत्र सोय गूगलकडे आहे. संमतीवाचून टाकलेली खासगी स्वरूपाची चित्रे २०१५ पासून आणि घरचा पत्ता, दूरध्वनी यांसारखे संपर्काचे तपशील २०२२ पासून अधिक सुलभपणे निकालांतून वगळून घेता येतात. नावाचे साधर्म्य हा वेगळाच ताप आहे. दुसऱ्या कोणाचे कृत्य आपल्या नावाखाली दिसत असेल तर आपल्या व्यवसायाची आणि शिक्षणाची खरी माहिती देणारे स्वतःचे एक पान असणे उपयोगी पडते. खोटी स्तुती लिहवून घेऊ नये. ती उघडी पडते, आणि पडली की मूळ बदनामीलाच खरेपणाचा आधार मिळतो.

एवढे करूनही पुरणार नाही अशी नवी परिस्थिती आता आली आहे. शोधनिकालांची यादी हळूहळू मागे पडते आहे आणि तिच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळवलेला एकच परिच्छेद उत्तर म्हणून येतो आहे. ऑस्ट्रेलियातील हेपबर्न शायर या स्थानिक संस्थेचे तेव्हाचे महापौर ब्रायन हुड यांनी पूर्वी एका नोटछपाई कंपनीतील लाचखोरी उघडकीस आणली होती. २०२३ मध्ये चॅटजीपीटी मात्र त्यांनाच लाचखोरीबद्दल तुरुंगवास झाल्याचे सांगत होते. २०२५ मध्ये नॉर्वेतील एका गृहस्थाच्या वतीने तिथल्या विदा संरक्षण यंत्रणेकडे तक्रार झाली. त्याच यंत्राने त्याच्या गावाचे आणि मुलांविषयीचे खरे तपशील घेऊन त्यांत त्याने आपल्या मुलांचा खून केल्याची कपोलकल्पित कथा मिसळली होती. यादीत निदान क्रम असतो आणि वाचणाऱ्याला दुसरा दुवा उघडून पाहता येतो. इथे क्रमच उरत नाही, सगळे एका आवाजात आणि सारख्याच खात्रीने सांगितले जाते. वगळण्यासाठी दुवाही नसतो.

अशा यंत्रांना खरे सांगायला लावायचे असेल तर त्यांच्या मुळाशी असलेली नोंद पूर्ण असली पाहिजे, आणि ती पूर्ण करण्याची पहिली जबाबदारी जिथून आरोप निघतो तिथे आहे. तपासयंत्रणा अटकेची प्रसिद्धिपत्रके नावासकट, कित्येकदा छायाचित्रासकट, स्वतःच्या संकेतस्थळावर टाकतात. पुढे आरोपपत्र दाखल झाले नाही, आरोप मागे घेतले गेले किंवा आरोपी सुटला, तरी ते पान वर्षानुवर्षे तसेच राहते. ज्या पत्त्यावर अटक जाहीर केली त्याच पत्त्यावर खटल्याचा क्रमांक, सद्यःस्थिती आणि अंतिम निकाल ठरावीक मुदतीत नोंदवण्याचे बंधन कायद्याने घालावे, आणि ती नोंद यंत्रालाही वाचता येईल अशा ठरीव साच्यात असावी. याला खर्च येईल आणि न्यायालय व पोलीस यांच्या माहितीप्रणाली एकमेकींना जोडाव्या लागतील. पण माणसाच्या नावावर सरकारने स्वतः लिहिलेली ओळ पूर्ण करण्याचा हा खर्च सरकारचाच आहे. अशी नोंद उपलब्ध असेल तर निकाल आम्हाला ठाऊक नव्हता असे वृत्तपत्राला म्हणता येणार नाही, आणि कोणता दुवा वर ठेवावा हे आम्हाला कळत नाही असे शोधयंत्र चालवणाऱ्या कंपनीलाही म्हणता येणार नाही.